मदतगाडीतला रुग्ण

आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, उघड्या अंगाने कोणी पाहिलेले नव्हते. शिरूरजवळच्या आमच्या गावात पुरुष उन्हाळाभर उघडेच वावरत. आबा उजाडण्याआधी नदीवर जाऊन अंघोळ उरकत आणि अंगभर कपडे घालूनच परतत. थोरली सून घरात आल्यापासून ते ओसरीवरही सदऱ्याशिवाय बसत नसत. आजाराविषयी बोलणे त्यांना अंग उघडे टाकण्यासारखेच वाटे. अशा माणसाची लघवी अडली.

ही सत्तरच्या दशकातली गोष्ट आहे. मी तेव्हा दौंडला रेल्वेत खलाशी, म्हणजे ओझी उचलणारा हातकामगार, होतो. थोरला भाऊ गावी आबांजवळ राहून शेती पाही.

दौंडच्या यार्डात एका स्वतंत्र रुळावर एक गाडी कायम उभी असे. कुठे डबे घसरले किंवा गाड्या धडकल्या की ती निघायची. कागदोपत्री ती अपघात मदतगाडी; आम्ही तिला ब्रेकडाऊन म्हणत असू. जॅक, साखळदंड, लाकडी ठोकळे यांच्या डब्यांमागे एक डबा दवाखान्याचा होता. आत ऑपरेशनचे टेबल, खाटा आणि सील लावलेल्या पेट्या. भोंगा झाला की आमच्या रेल्वे दवाखान्यातले डॉक्टर आणि कंपाउंडर त्या डब्यात हजर झाले पाहिजेत, असा नियम होता. आणि ते होत. एक बूट पायात आणि दुसरा हातात अशा अवस्थेत पळत आलेले डॉक्टर मी पाहिले आहेत. मी त्या गाडीवर नेमलेला होतो आणि मला तिचा अभिमान होता. मी बढाई मारणारा माणूस नाही. पण एकदा गावी जेवताना बोलून गेलो, “आमच्यात भोंगा झाला की डॉक्टर ताटावरनं उठून पळत येतो.” आबांनी ते लक्षात ठेवले.

शिरूरला काय घडले ते भावाने सांगितले तसे लिहितो. आबांनी त्रास लपवता येईल तेवढा लपवला. ओटीपोट दगडासारखे झाले, बसता येईना, तेव्हा भावाने त्यांना बैलगाडीत घालून दवाखान्यात नेले. डॉक्टरांच्या टेबलावर ट्रान्झिस्टर होता आणि त्यावर क्रिकेटचे वर्णन चालू होते. लेकरांना लस टोचायला आणलेल्या बाया दारापर्यंत बसल्या होत्या.

“काय होतंय?” डॉक्टरांनी विचारले.

भाऊ पुढे वाकून हळू आवाजात सांगू लागला.

“मोठ्यानं बोला की. इथं काय सोयरीक जुळवायला आलात?”

भावाने मोठ्याने सांगितले.

“मग कधीपासून मुतला नाही म्हातारा?”

बायांनी तोंडाला पदर लावले. आबा उठून बाहेर निघाले. भावाने दंड धरून त्यांना बसवले. डॉक्टरांनी पोटाला हात लावला नाही. इथे नळी नाही, पुण्याला न्या, असे ते म्हणाले. दवाखान्याची जीप मिळेल का, असे भावाने विचारले. जीप शिबिराला गेली आहे, आली की घेऊन जा, असे उत्तर मिळाले. पुन्हा ट्रान्झिस्टरकडे कान.

भाऊ आणि आबा आवारातल्या लिंबाखाली जीपची वाट पाहत राहिले. आबांना बसवत नव्हते आणि उभेही राहवत नव्हते. ते झाडाला हात टेकून ओणवे राहिले. जीप दिवस मावळताना आली. आत मांडवाचे कापड आणि घडीच्या खुर्च्या भरल्या होत्या. भावाने ड्रायव्हरला हात जोडले.

“तेल न्हाई,” ड्रायव्हर म्हणाला. “आन् सायबाच्या सहीबिगर गाडी हलत न्हाई.”

“सायब कुठं हायेत?”

“घरी गेले की. मॅच संपली.” मग तो आबांकडे वळला. “म्हातारबा, दम काढा जरा. आमी बी दिसभर दाबूनच बसतो गाडीत.”

भावाला त्याच्या अंगावर जायचे होते. आबांनी त्याला मागे ओढले आणि त्या दिवसातले पहिले वाक्य ते बोलले. “पुण्याला न्हाई. धाकट्याकडं चल, दौंडाला. त्येचा डॉक्टर पळत येतो.”

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने ते दोघे निघाले. न्हावरे, केडगाव करत गाडी आली. रस्ता खराब होता. प्रत्येक खड्ड्याला आबांनी पुढच्या बाकाची दांडी धरून डोळे मिटले, एवढेच भाऊ बोलला. त्याहून जास्त मी विचारले नाही.

नेमकी त्याच दिवशी मदतगाडीची तपासणी होती. वरचे साहेब येणार होते. अशा वेळी खोटा अपघात करत. यार्डाच्या टोकाला एक मोडका वॅगन कलता करून ठेवायचा, काही खलाशांना जखमी म्हणून आजूबाजूला निजवायचे, भोंगा द्यायचा, आणि गाडी किती लवकर पोचते, डॉक्टर काय करतात, ते साहेबांनी पाहायचे. भोंगा अचानक व्हावा असा नियम होता; पण तो केव्हा होणार हे आमच्या मिस्त्रीने आदल्या दिवशीच सगळ्यांना सांगून ठेवले होते. जखमींमध्ये मी होतो. “तू वजनाला हलका. उचलणाऱ्यांची कंबर मोडली तर त्यांना कोण उचलणार?” असे मिस्त्री म्हणाला होता.

मी निघण्याच्या तयारीत असताना भाऊ आबांना घेऊन क्वार्टरच्या दारात उभा राहिला. आबांचा चेहरा पाहिला आणि मी काही विचारले नाही. आम्ही दोघांनी त्यांना धरून आमच्या दवाखान्यात नेले. कंपाउंडर म्हणाला, “तुमच्या कार्डावर वडिलांचं नाव नाही.” ते खरे होते. आबा माझ्याकडे राहत नव्हते. मी म्हणालो की नाव पुढे काय ते बघू, आधी डॉक्टरांना दाखवतो. तोच डॉक्टर पांढऱ्या कोटाच्या गुंड्या लावत बाहेर आले. मी त्यांना अडवून सांगितले.

“आत्ता? अहो, साहेब स्टेशनवर उतरलेत. संध्याकाळी बघू.”

“साहेब, नुसती नळी घातली तरी—”

“काय घालायचं ते मला शिकवू नका.”

तेवढ्यात भोंगा झाला. डॉक्टर पळत सुटले. कंपाउंडर कुलूप लावून त्यांच्यामागे पळाला. आबा व्हरांड्यातल्या बाकावरून मान वळवून त्यांच्या पाठीकडे पाहत राहिले.

“कुठं पळाला त्यो?” त्यांनी विचारले.

भोंग्याला हजर नसणाऱ्याची नोकरी जाई. “येतो, आबा,” असे म्हणून मीही त्याच दिशेने पळालो.

वॅगनजवळ मला खडीवर आडवे केले. गळ्यात पुठ्ठा अडकवला. त्यावर उजवी मांडी मोडल्याचे लिहिले होते. थोड्याच वेळात मदतगाडी येऊन थांबली. साहेब आणि त्यांच्यासोबतची मंडळी रुळाच्या कडेला उभी होती. प्रथमोपचाराच्या वर्गातले कामगार पाहायला आणले होते आणि यार्डातले इतरही गोळा झाले होते. डॉक्टर पळत आले, माझ्याजवळ गुडघ्यावर बसले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला.

“घाबरायचं नाही हं. आम्ही आलोय,” ते म्हणाले.

इतक्या मऊ आवाजात ते बोललेले मी कधी ऐकले नव्हते. त्यांनी माझी मांडी काळजीपूर्वक सरळ केली, दोन्ही बाजूंना फळ्या ठेवल्या, पट्टी बांधली. फार घट्ट होत नाही ना, असेही विचारले. मी हळूच म्हणालो, “साहेब, माझे वडील तुमच्या दारात बसलेत.” त्यांनी पट्टीची गाठ मारली. “जखमी बोलत नसतो,” ते म्हणाले. जवळ उभे असलेले हसले.

स्ट्रेचरवरून मला डब्यात नेऊन खाटेवर ठेवले. टेबलावर पांढरी चादर पसरली होती आणि पेट्यांची सीले तोडून त्यातले सामान साहेबांच्या तपासणीसाठी तिच्यावर मांडले होते. कात्र्या, चिमटे, सुया. त्यांच्यात एक रबरी नळी होती. आबांना हवी असलेली वस्तू ती हीच, हे मला कोणी सांगावे लागले नाही. वर्षानुवर्षे मी ती पेटी गाडीत चढवली आणि उतरवली होती.

साहेब डब्यात आले. प्रत्येक जखमीला ते एकेक प्रश्न विचारत होते. उत्तरे मिस्त्रीने आम्हाला पाठ करून दिली होती. ते माझ्या खाटेशी थांबले.

“काय त्रास होतो?”

“साहेब, मला काही त्रास नाही. माझ्या वडिलांची लघवी अडली आहे. दोन पावलांवर दवाखान्याच्या व्हरांड्यात बसले आहेत. त्या नळीने त्यांचे काम होईल.”

डॉक्टर म्हणाले, “सर, याला पाठ केलेलं आठवत नाहीये.” मी उठून बसलो आणि तेच पुन्हा सांगितले. साहेब वाईट मनुष्य नव्हते. त्यांनी डॉक्टरांकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, आणि त्यांचा चेहरा उजळला.

“अरे, मग आणा ना त्यांना! ओरिजिनल पेशंट आहे! सगळ्यांना बघायला मिळेल.”

आमचे लोक स्ट्रेचर घेऊन धावले. ते मनापासून धावले, हे मला मान्य केले पाहिजे. मी खाटेवरून उतरू लागलो तर कंपाउंडरने दाबून बसवले. “पट्टी सुटेल. फोटो व्हायचाय अजून.”

आबांना स्ट्रेचरवर घालून आणले. भाऊ बाजूने चालत होता. डब्याचे दोन्ही दरवाजे उघडे होते आणि दोन्हींत माणसे दाटली होती. आबांना टेबलावर ठेवले. त्यांनी मान वळवली आणि त्यांना मी दिसलो: खाटेवर, मांडीला फळ्या, गळ्यात पुठ्ठा.

त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांनी जे पाहिले ते पाहिले. ते कोपरावर उठले. ज्या पोटाला कालपासून ते स्वतःचा हातही लागू देत नव्हते, त्याच्यावर जोर देऊन उठले, आणि डॉक्टरांचा हात धरून म्हणाले, “सायब, आधी त्येचं बघा. मी थांबतो.”

पहिल्यांदा दरवाज्यातला कोणीतरी हसला. मग सगळे हसले. साहेबही हसले, पण त्यांनी तोंडावर रुमाल धरला.

“हसताय काय? पोरगं पडलंय माझं!” आबा म्हणाले.

“आबा,” मी म्हणालो, “मला काय झालं न्हाई. हे खोटं हाय. ट्रायल हाय.”

आबांनी पट्टीकडे पाहिले. मग माझ्याकडे. “मग निजलास कशाला?”

पुन्हा हशा झाला.

डॉक्टरांनी आबांना मागे टेकवले. आबांनी दोन्ही हातांनी धोतराची गाठ धरली होती. “हात काढा, बाबा,” डॉक्टर म्हणत होते. हात निघाले नाहीत. तेव्हा मिस्त्रीने एक आणि कंपाउंडरने एक असे ते सोडवून बाजूला धरले. भाऊ टेबल आणि दरवाजा यांच्या मधोमध पाठ करून उभा राहिला होता. साहेबांच्या सोबतचा एकजण त्याला म्हणाला, “बाजूला हो, लोकांना दिसत नाही.” भाऊ बाजूला झाला. सरकारी माणसाने सांगितल्यावर बाजूला होणे हे आमच्या रक्तात होते.

डॉक्टरांचा हात सफाईचा होता. थोड्या वेळाचे काम होते. खाली धरलेल्या चिनी मातीच्या भांड्यात धार पडू लागली आणि तिचा आवाज त्या डब्यात सगळ्यांना ऐकू गेला. कोणीतरी टाळ्या वाजवल्या. मग वर्गातल्या कामगारांनीही वाजवल्या. त्यांना वाटले असावे की वाजवायच्या असतात. साहेबांनी डॉक्टरांशी हस्तांदोलन केले. आबा छताकडे पाहत होते. पोट हलके होत होते, त्याचा आराम त्यांच्या चेहऱ्यावर दिसायला हवा होता. तो दिसला नाही. मी माणसांना मरताना पाहिले आहे, रुळांवर, वाईट अवस्थेत. त्यांच्यापैकी कोणाकडे पाहताना मला नजर फिरवावी लागली नव्हती. त्या दिवशी मी फिरवली आणि समोर माझी पांढरी स्वच्छ पट्टी दिसली.

भांडे भरल्यावर डॉक्टरांनी नळी काढून घेतली. मी विचारले, “साहेब, राहू द्यायची नसते का?”

कंपाउंडर मध्येच म्हणाला, “ही पेटीतली आहे. साहेबांसमोर सामान मोजून सील व्हायचंय. पुन्हा अडलं तर दवाखान्यातली घालू.”

“दवाखान्यात आहे?”

“मागवली आहे.”

आबांना दोन्ही बाजूंनी धरून आम्ही घरी आणले. माझ्या बायकोने चहा केला. तो त्यांनी घेतला नाही. जेवणाबरोबर ठेवलेला पाण्याचा तांब्या भरलेलाच परत गेला. बायको मला बाजूला घेऊन म्हणाली, “मामा पाणी पीत नाहीत. मुद्दाम पीत नाहीत.” आम्ही तिला काही सांगितले नव्हते. क्वार्टरच्या लाइनीतल्या बायांकडून तिला सगळे कळले होते. आपल्याला कळले आहे हे आबांच्या लक्षात येऊ नये म्हणून ती त्यांच्यासमोर डोक्यावरचा पदर पुढे ओढून वावरत राहिली.

सकाळी लघवी पुन्हा अडली. मी म्हणालो, “चला, आबा.”

“तिथं न्हाई.”

“तिथं न्हाई. पुण्याला.”

ते उठले.

आम्ही पॅसेंजरने गेलो. पुण्यातल्या मोठ्या दवाखान्यात एका तरुण डॉक्टरांनी त्यांना तपासले. दोन खाटांच्या मध्ये जमिनीवर गादी मिळाली. तपासताना ते म्हणाले, “काल नळी घातली होती म्हणता. मग काढली कोणी? का?”

“मोजायची होती,” मी म्हणालो.

त्यांना वाटले मी थट्टा करतो आहे. त्यांनी कडक आवाजात पुन्हा विचारले. मी पुन्हा तेच सांगितले. माझ्या अंगावर खात्याचा निळा सदरा होता. त्यांनी त्याकडे पाहिले आणि तिसऱ्यांदा विचारले नाही. नळी घालायला ते पुढे झाले तेव्हा आबांनी पायथ्याची चादर ओढून स्वतःचे तोंड झाकून घेतले. खालचे अंग उघडे आणि तोंड झाकलेले. वॉर्डबॉय पुढे येऊन विचारू लागला, “गेले का?” “नाही,” मी म्हणालो. “काम करा.”

आबांचे ऑपरेशन झाले. ते बरे होऊन गावी गेले. लोक विचारत तेव्हा भाऊ सांगे की पोटाचे काहीतरी होते. दौंडला ते पुन्हा कधी आले नाहीत. नातवाच्या बारशालाही आले नाहीत. मी गावी गेलो की ते माझ्याशी पिकापाण्याविषयी बोलत, मुलांची चौकशी करत. माझ्या नोकरीविषयी त्यांनी पुन्हा काही विचारले नाही. मीही काही सांगितले नाही. मदतगाडीवर मी पुढेही काम केले. भोंगा झाला की पळालो. खरे अपघात झाले, त्यात त्याच डॉक्टरांनी माणसे वाचवली, तेही मी पाहिले. त्यांच्याविषयी मला जे वाटे त्यात त्यामुळे काही बदल झाला नाही आणि मी ते कोणाला सांगितलेही नाही.

ते दशक संपण्याआधी आबा वारले. तार आली तेव्हा त्यांना आजार होता हेदेखील मला माहीत नव्हते. मी पोचलो तोवर सगळे झाले होते. जलदान विधीनंतर, माणसे पांगल्यावर, भाऊ मला गोठ्याकडे घेऊन गेला. त्याला सांगायचे होते आणि सांगवत नव्हते.

“तेच झालं व्हतं,” तो शेवटी म्हणाला. “पुन्हा अडली. लई दिवस त्यांनी मलाबी कळू दिलं न्हाई. ताप चढला तवा कळलं.”

“मग मला का कळवलं न्हाई?”

“मी निघालो व्हतो की तुला तार करायला. सदरा घातला व्हता. त्यांनी हात धरला.”

“काय म्हणाले?”

भावाने गुरांपुढे कडबा सरकवला. मग आबांच्याच आवाजात बोलावे तसा बोलला, “त्येला कळवू नगंस. त्यो लोकं घिऊन यील.”

मी भावाला बोल लावला नाही. त्याने मला कळवले असते तर मी लोक घेऊन गेलो असतो, स्ट्रेचर घेऊन गेलो असतो, हात बाजूला धरले असते. आबांना ते ठाऊक होते.